सात नंबरचा प्लॉट

१

मी रामदास. वय त्रेपन्न, राहणार विश्रांतवाडी. दहावीनंतर शाळा सुटली, पण वह्या उरल्या होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून रोजनिशी लिहायला लागलो, ते आजतागायत. बायको म्हणते, "तुमच्या वह्यांना घरात जागा आहे, माझ्या कुकरला नाही." तिचं नाव हिरा. तिचं खरं असतं.

या जानेवारीत मला मुंग्या मोजायचं काम मिळालं. लोक हसतात. मीही हसलो होतो.

खडकीच्या मागे नदीच्या अंगाला एका गोशाळेचं अकरा एकरांचं कुरण आहे. त्यात लाल मुंग्यांची वारुळं झाली होती. आम्ही लहानपणी त्यांना आगमुंग्या म्हणायचो. ज्याला त्या चावल्या आहेत त्याला नावाचं कारण विचारावं लागत नाही. त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायला अपूर्वा मॅडम आल्या. वय जेमतेम तीस, कीटकशास्त्रात डॉक्टर, आणि मला काका म्हणतात.

कुरणात आम्ही दोरी लावून बारा प्लॉट आखले. तीन प्लॉटांना भुकटी, तीनांना वारुळात ओतायचं औषध, तीनांना आमिषाचे दाणे, आणि तीनांना नुसतं साधं पाणी. कोणाच्या नशिबी काय, हे मी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवलं. चार, सात आणि अकरा नंबरला पाणी आलं.

"यांना काहीच द्यायचं नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही. आणि हातही लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय झालं हे आपल्याला यांच्यावरूनच कळणार. यांना जपायचं."

आमिषाचे दाणे मला फार आवडले. म्हणजे त्यामागची युक्ती. "जहाल औषध असेल तर मुंगी वाटेतच मरते," मॅडमनी सांगितलं. "हे मंद आहे. तिला ते आवडलं पाहिजे, तिने घरी नेलं पाहिजे, सगळ्यांना वाटलं पाहिजे. सहा आठवडे कोणाला काही होत नाही. मग एक दिवस घर रिकामं."

मोजणी सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेसातला. प्रत्येक प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध बरणीची झाकणं ठेवायची. झाकणात शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला खारी बिस्किटाचा नखाएवढा तुकडा. या खारीत औषध नाही, ती फक्त मोजण्यासाठी. अर्धा तास थांबायचं. मग झाकणावर किती मुंग्या जमल्या ते लिहायचं. तो अर्धा तास मी बाभळीखालच्या लोखंडी स्टुलावर बसून चहा पितो, शेजारच्या सपाट दगडावर कप ठेवतो, आणि माझ्या वेगळ्या पुड्यातली, बिनतेलाची खारी बुडवून खातो. मुंग्यांनी एक खायची, मी एक. इतकं सुखाचं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

काळजी एकाच गोष्टीची होती. गुरं राखणाऱ्या चंद्रभागाबाईंची ढवळी गाय गाभण होती. मार्चमध्ये व्यायची. गेल्या वर्षी ती कुरणातच व्याली, बाई पाणी भरायला गेल्या होत्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा ओल्या वासरावर आगमुंग्या चढल्या होत्या. ते वाचलं नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी माझा दंड धरून सांगितलं होतं, "भाऊ, या टायमाला वासरू जगलं पायजे. तुमचं औषिद कसलं का असंना."

मी म्हणालो, जगेल. लिहूनही ठेवलं.

२

औषधं घातली सोमवारी, तेरा जानेवारीला. गुरुवारी पाहतो तर सात नंबरच्या मोठ्या वारुळाच्या तोंडाशी पांढरी चिमूट. पीठ आणि साखर.

गुन्हेगार शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पिशवी हातात घेऊन तो पुढच्याच वारुळापाशी वाकला होता. माधवराव. पोस्टातून निवृत्त, जवळच्या सोसायटीत राहतात, फिरायला येतात आणि मुंग्यांना साखर घालून पुण्य जोडतात.

"माधवराव, इथे औषधाचं काम चालू आहे. आपण पीठ-साखर घालू नका."

"आपण विष घालता ते काम. मी साखर घालतो ती अडचण. छान."

"मोजणी चुकते हो."

"मग पुन्हा मोजा. तसंही इथे आपल्याला दुसरं काय आहे?"

मी हात जोडले. त्यांनी पिशवीची गाठ मारली. "संक्रांतीचे दिवस आहेत. जाणाऱ्याने तोंड गोड करून जावं, एवढंच माझं म्हणणं होतं. उद्यापासून बंद. तसाही मी मुलीकडे नाशिकला निघालोय, डोळ्याच्या ऑपरेशनला. दोन महिने आपल्या मुंग्यांना कोणी लाडावणार नाही."

शब्दाचे पक्के. नाशिकहून निरोपही आला, "मुंग्यांना नमस्कार."

३

सोमवारी, वीस तारखेला, सात नंबरपाशी पुन्हा चिमूट होती.

वारुळापाशी नव्हती. प्लॉटच्या दोरीबाहेर, बाभळीच्या दिशेला होती. जवळ जाऊन बसलो. गवतात एक स्वच्छ गोल मोकळा केलेला होता. गवत उपटलेलं नव्हतं, मुळापाशी कुरतडलेलं होतं. गोलाच्या मधोमध पीठ नव्हतं, साखरही नव्हती. खारीचा तुकडा होता. नखाएवढा.

असे गोल एकूण पाच होते. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. मी खिशातलं झाकण काढून एका गोलावर ठेवलं. बरोबर बसलं.

माणसाने घाबरण्याआधी विचार करावा, असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. म्हणून विचार केला. मीच कधी तरी चुकून दोरीबाहेर झाकणं मांडली असतील. झाकणाखाली गवत मरतं. झाकण उचलताना खारी पडली असेल. चूक माझीच. तसं लिहिलं आणि बरं वाटलं.

बाभळीवर साळुंक्यांच्या एका जोडीचं घरटं होतं. दोघं दिवसभर भांडत. त्यातली एक खाली उतरली, गोलातला तुकडा उचलला आणि घरट्यात घेऊन गेली. तेव्हा मला दिसलं की गोलाभोवती वीतभर अंतर सोडून मुंग्या उभ्या आहेत. तुकड्याकडे एकही जात नव्हती. साळुंकी परत आली, दुसरा तुकडा उचलला, पुन्हा गेली. मुंग्या हलल्या नाहीत. सहज घड्याळ पाहिलं. आठला त्या वळल्या आणि ओळीने वारुळात गेल्या.

मी साडेसातला बसलो होतो.

मॅडमना फोटो दाखवला. त्या मनापासून हसल्या. "काका, गवतात टक्कल पडलंय. तेल लावा."

त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईंना कळलं की सात नंबरला औषधच नाही. आणि ढवळी उन्हात जाऊन बसते ती नेमकी तिथेच, गेल्या वर्षी व्याली तीही तिथेच. बाई माझ्यावर चवताळल्या. "समद्यांला औषिद आन् माझ्या गायीच्या जागंला पाणी? तुमची वही भरली म्हंजी झालं. वासरू मेलं तर त्येबी लिवा!" मग बोलणंच बंद केलं. समोरून जाताना गायीशी मोठ्याने बोलत, मला ऐकू येईल असं.

तीस जानेवारीला, गुरुवारी, सगळी झाकणं मांडून स्टुलाकडे आलो तर माझ्या कपाच्या दगडावर खारीचे तुकडे ठेवलेले. नीट रचून. अकरा. राग गेला असावा. अशा समेटाचा उच्चार केला की त्याची चव जाते, म्हणून मी बाईंना काही बोललो नाही. दोन तुकडे चहात बुडवून खाल्ले. उरलेले रुमालात बांधून घरी नेले. अन्न टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.

४

फेब्रुवारीत औषधं लागू पडायला लागली. भुकटीचे प्लॉट आधी थंड झाले, मग ओतायच्या औषधाचे. वारुळात काडी खुपसली की आतून माती नुसती ढासळायची. सगळ्यात शेवटी, चोवीस तारखेला, आमिषाचे तिन्ही प्लॉट एका दिवसात रिकामे झाले. आदल्या गुरुवारी झाकणावर दोनशे मुंग्या, सोमवारी शून्य. मेलेल्या मुंग्याही नाहीत. मॅडमनी मला मस्तानी पाजली.

पाण्याचे प्लॉट मात्र जोरात होते. सात नंबरमध्ये काडी खुपसली की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज यायचा. एकदा तर काडी न खुपसताच आला. मी पाऊल थांबवलं, आवाज थांबला. उचललं, सुरू झाला. मी दोन पावलं नाचूनही पाहिलं. कोणी पाहत नव्हतं, म्हणून हेही लिहितो.

त्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "आता निकाल लागल्यातच जमा आहे. सातला औषध देऊन टाकू? गाय व्यायला आली."

"सतरा मार्चला शेवटची मोजणी. तोवर कंट्रोलला, म्हणजे पाण्याच्या प्लॉटांना, हात लावला तर सगळं वाया. गाय गोठ्यात बांधा ना."

"बांधून ऐकणारी नाही ती."

"काका, प्लीज."

त्या खडकीहून गाडी पकडायला गेल्या आणि मी औषधाच्या खोलीत शिरलो. जुनी कडबाकुट्टीची खोली आहे, पत्र्याची, दुपारी भट्टीसारखी तापते. वर्षानुवर्षं मी कोणाचा नियम मोडला नव्हता, त्यामुळे कसा मोडतात तेही ठाऊक नव्हतं. बादलीत औषध मोजून घेतलं. अगदी बरोबर मापाने. चोरीही मापात. पाणी घातलं, ढवळलं. मग ढवळणं थांबवलं, तरी पाखडल्याचा आवाज येत राहिला. पत्रा तापला की वाजतो, हे मला माहीत होतं. पण तो वरून वाजतो. हा आवाज फरशीखालून येत होता.

बादली घेऊन सात नंबरपाशी गेलो. वारूळ लाल झालं होतं. सगळ्या मुंग्या वर येऊन उभ्या होत्या. काही करत नव्हत्या. चढत नव्हत्या, धावत नव्हत्या. नुसत्या उभ्या. औषधाच्या कामात मी मुंग्यांपुढे कसा उभा राहतो, ते मला तेव्हा पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

बादली मी परत नेऊन पिंपात ओतली. एक थेंब सांडला नाही. बाईंना जाऊन सांगितलं, "औषध नाही घालता येत. पण आजपासून रोज सकाळी सहाला मी येऊन बसेन. वासरू होईपर्यंत."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मुंगीला काय तुमी शिटी वाजवून थांबवणार हाय?" मग म्हणाल्या, "या. च्या मी करीन."

५

तीन मार्चला सकाळी कुरण फार शांत वाटलं. काय नाही ते कळायला वेळ लागला. साळुंक्या भांडत नव्हत्या.

मी बाभळीवर चढलो. या वयात चढू नये. घरट्यात काही नव्हतं. पिल्लं नाहीत, अंडी नाहीत, मेलेला पक्षी नाही, पीसही नाही. घरटं झाडून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

बाई खालून म्हणाल्या, "गेल्या आसतील कुठं तरी. तुमी उतरा आदी, न्हाईतर तुमाला उतरवायला मानसं आणावी लागतील."

उतरलो. गेल्या असतील. वहीत मागे जाऊन पाहिलं. साळुंकीने तुकडा नेला तो वीस जानेवारी. बोटांवर मोजलं. सहा आठवडे.

योगायोग, असं लिहिलं. मग तो शब्द खोडला. मग पुन्हा लिहिला.

६

दहा मार्च, सोमवार. सकाळी सहाला पोचलो तर गोठ्यात तुटलेलं दावं. बाई आधीच धावत होत्या, मीही धावलो.

ढवळी सात नंबरमध्ये होती. वासरू पडलेलं होतं, ओलं, पांढरंशुभ्र, मान उचलायचा प्रयत्न करत होतं. आणि त्याच्याभोवती लाल कडं. पायाखाली माती दिसत नव्हती इतक्या मुंग्या. मी वाकून हात पुढे केला आणि मागे घेतला.

कडं वासरापासून वीतभर लांब होतं. सगळीकडून सारखं.

"बाई, थांबा," मी म्हणालो. "चावत नाहीयेत."

"थांबू? आन् मागच्यावानी झालं म्हंजी?"

"मी सांगतो. हलू नका. आत पाय टाकू नका." हे मी कशाच्या जोरावर बोललो ते मला सांगता येणार नाही. बाईंनी माझा दंड धरला, पहिल्या दिवशी धरला होता तिथेच, आणि आम्ही उभे राहिलो. ढवळी वासराला चाटत होती. तिच्या पायांवरही एक मुंगी नव्हती. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. इतका लांब अर्धा तास मी कधी मोजला नाही.

सात नंबरपाशी सहा दहाला पोचलो होतो. सहा चाळीसला कडं फुटलं. ओळी झाल्या. वारुळाने त्या आत घेतल्या.

बाईंनी झडप घालून वासरू उचललं. कालवड होती. डोळे, नाक, बेंबी, सगळं तपासलं. एक डंख नाही. बाई रडत हसत होत्या, हसत शिव्या देत होत्या, मुंग्यांना, मला, ढवळीला. "जगली गं बया! जगली!"

मी वासरू पडलं होतं ती जागा पाहिली. चार कोपऱ्यांत चार स्वच्छ गोल होते, मधला वासराखाली. खारी नव्हती. दव नव्हतं, माती सगळीकडे कोरडी ठणठणीत होती. फक्त ते पाच गोल ओले होते. बोट लावून वास घेतला. साधं पाणी.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कालवडीला आता कधीच काही होणार नव्हतं. तिला जपलं जाणार होतं.

बाईंनी खरवसासाठी चिकाचा तांब्या माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "त्या दिवशी खारी ठेवलीत, आज चीक. आपलं भांडण मला फायद्याचं पडलं."

"खारी? कवा?"

"तीस जानेवारीला. दगडावर."

बाईंनी तोंड उघडून मला हिरड्या दाखवल्या. "माज्याकडं कुटली खारी? मला चावती व्हय?"

७

आज बारा मार्च, बुधवार. कालवडीचं नाव बाईंनी रामी ठेवलं आहे. रामदासवरून. उड्या मारते. मॅडमचा फोन आला होता, आकडे उत्तम आहेत, अहवालात माझं नाव घालणार आहेत. माधवराव शनिवारी परत येत आहेत. विचारत होते, मुंग्यांनी आठवण काढली का.

खरवस छान झाला होता. उद्या होळी. हिराने पुरणासाठी चण्याची डाळ काढून ठेवली आहे आणि मला सांगितलं आहे की उद्या कुठेही मुंग्या मोजायला जायचं नाही. मोजणीचा गुरुवार आहे, पण मी हो म्हणालो.

संध्याकाळी जुनं पान काढून वाचलं. माझंच अक्षर, स्वच्छ, नेहमीसारखं.

"३० जानेवारी. दगडावर खारीचे अकरा तुकडे. दोन खाल्ले. शेंगदाण्याच्या तेलाचा किंचित वास, चव चांगली. नऊ घरी नेले. हिराने चुरून चिवड्यात घातले. चिवडा जिन्यातल्या सगळ्यांना वाटला. सगळ्यांना आवडला."

मी हिराला विचारलं, बरं वाटतंय ना. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि डाळ निवडत गाणं म्हणायला लागली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्षताने हाक मारली, "काकू, तसला चिवडा परत कधी करताय? पोरं रोज विचारतात." जिन्यात मुलं पिचकाऱ्या तपासत होती, ओरडत होती. मी दार उघडं ठेवून तो सगळा गोंगाट ऐकत बसलो. साळुंक्यांसारखा.

बोटांवर आठवडे मोजले. उद्याच्या पानावर तारीख घातली. परवाच्या पानावर घालावी की नाही, हे पेन हातात धरून बराच वेळ ठरवत होतो. मग तीही घातली.

साडेसात वाजले आहेत. उंबऱ्याच्या आत, आमच्यापासून वीतभर अंतरावर, एक लाल मुंगी येऊन उभी आहे. समोर पुरणाच्या गुळाचा खडा सांडलाय, त्याकडे बघतही नाही. हिरा चप्पल शोधतेय. मी तिला म्हणालो, राहू दे.

मोजणी चुकली असती.